हिऱ्यातील खोट आणि अणुकेंद्रकाचा क्षीण स्वर

खोट असलेला हिरा रत्नपारख्याच्या लेखी उणा. भौतिकशास्त्राने त्याच खोटीला मोल दिले. त्या कथेच्या दोन आरंभीच्या धाग्यांवर भारतीय नावे आहेत.

१९४० साली ॲना मणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. तीसहून अधिक हिऱ्यांची संदीप्ती त्यांनी अभ्यासली. प्रकाश इतका मंद, की एकेका वर्णपटासाठी छायाचित्रणाची काच पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. संदीप्ती हिऱ्याच्या रचनेतूनच येते, अशुद्धीतून नव्हे, असा रामन यांचा आग्रह होता. पुढील संशोधनाने कौल दिला तो अशुद्धी व दोषांच्या बाजूने. मणींना मात्र एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. नियमाला धरून असेल. न्यायाला धरून खचित नव्हते.

दुसरा धागा चुंबकीय अनुस्पंदनाचा, म्हणजे एनएमआरचा. पर्सेल आणि ब्लॉक यांनी १९४६ मध्ये तो प्रकाशात आणला. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथेनॉलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले, आणि एनएमआर रसायनशास्त्राचे साधन बनले. हेच एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व तेथे या विषयाची परंपरा रुजली.

पण संकेत जात्याच क्षीण. दहा टेस्लाच्या बलाढ्य क्षेत्रातही, सामान्य तापमानाला, लाख प्रोटॉनांमागे एका दिशेचे आधिक्य जेमतेम तीन-चारांचे; बाकीचे परस्परांना खोडून काढतात.

इथे खोट कामी आली. हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक रिकामी जागा, असे जोडकेंद्र असते. हिरवा प्रकाश टाकताच त्यातील इलेक्ट्रॉनांचे स्पिन सामान्य तापमानालाच एका अवस्थेत येतात, आणि लाल दीप्तीच्या कमी-अधिक तेजावरून ती अवस्था वाचता येते. १९९७ मध्ये असे एकेकटे केंद्र टिपले गेले. २०१३ मध्ये दोन गटांनी त्याच्या साहाय्याने काही नॅनोमीटर आकाराच्या नमुन्यातील प्रोटॉनांचा संकेत ऐकला. २०१५ मध्ये बर्कलेत हीच सुव्यवस्था हिऱ्यातील कार्बन-१३ केंद्रकांना देऊन सुमारे सहा टक्के ध्रुवण साधले गेले.

मात्र ते ध्रुवण हिऱ्याच्या आत होते. पृष्ठभाग ओलांडून ते बाहेरच्या द्रवातील रेणूंपर्यंत पोहोचवणे अद्याप अवघड आहे. पृष्ठभागावरील विस्कळीत स्पिन वाटेतच त्याचा बराचसा नाश करतात.