कामतांची दुरुस्ती आणि १९४८ चे साल

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे लोक म्हणतात, बरे झाले, आपल्या संविधानात बंदूक बाळगण्याचा हक्क नाही. तो का नाही, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो राहून गेलेला नाही. तो मागितला गेला होता, त्यावर चर्चा झाली होती आणि सभागृहाने तो नाकारला होता.

डिसेंबर १९४८ चे पहिले दोन दिवस. दिल्लीत संविधान सभेत मसुद्यातल्या तेराव्या कलमावर, म्हणजे आजच्या एकोणिसाव्या कलमावर चर्चा चालू होती. बोलण्याचे, जमण्याचे, संघटना करण्याचे, देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य या कलमात आहे. हरी विष्णू कामत यांनी या यादीत आणखी एका हक्काची भर घालणारी दुरुस्ती मांडली. प्रत्येक नागरिकाला शस्त्र ठेवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क असावा, अशी. गंमत म्हणजे याच कलमात नागरिकांनी शांततेने आणि ‘शस्त्राविना’ एकत्र जमावे, असे शब्द आहेत. एका ओळीत शस्त्राविना आणि पुढच्या ओळीत शस्त्राचा हक्क, असे ते कलम झाले असते.

कामत कोणी उथळ गृहस्थ नव्हते. आयसीएसची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले होते. संविधान सभेत सर्वाधिक दुरुस्त्या मांडणाऱ्या सभासदांत त्यांची गणना होते. शिवाय त्यांची मागणी नवी नव्हती. ती काँग्रेसचीच जुनी मागणी होती आणि तिचा माग काढत गेले की आपण १८७८ पर्यंत जातो.

त्या वर्षी मार्च महिन्यात लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. १८५७ नंतर गावोगाव हत्यारे जमा करून घेण्यात आली होतीच. दिल्लीत तर मुसलमानांना शहराबाहेर काढून परत येण्याची परवानगी हिंदूंपेक्षा उशिरा देण्यात आली. १८७८ च्या कायद्याने त्या संशयाला कायमचे रूप दिले. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागणार आणि युरोपियनांना त्यातून सूट. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात गेला. हत्यारांचा मात्र इंग्रज गेल्यावरही बारा वर्षे टिकला.

काँग्रेसचे तिसरे अधिवेशन १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. या अधिवेशनात हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर जोरात बोलले. ठरावाचा आशय आजही वाचण्यासारखा आहे. हा कायदा लोकांवर नाहक कलंक लावतो, असे त्यात म्हटले होते. सर्वांना शस्त्र बाळगता यावे आणि एखाद्या व्यक्तीला किंवा गटाला मनाई करायची असेल तर सरकारने त्याची कारणे लेखी नोंदवून जाहीर करावीत, अशी मागणी होती. म्हणजे सरसकट मोकळीक कोणी मागत नव्हते. ‘नाही म्हणायचे तर का, ते लिहून द्या,’ एवढेच म्हणणे होते.

तय्यबजींचा विषय निघालाच आहे तर एक आठवण नोंदवून पुढे जातो. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असे सर सय्यद अहमद खान यांचे ठाम मत होते. मद्रासच्या अधिवेशनानंतर दोघांत पत्रव्यवहार झाला. मतभेद टोकाचा होता, कोणी कोणाला पटवू शकले नाही, पण दोघेही शेवटपर्यंत मुद्द्यावर बोलत राहिले. ती पत्रे वाचली की आपल्या समाजातल्या आजच्या समाजमाध्यमी भांडणांची थोडी लाज वाटते.

पुढे ३० जानेवारी १९३० रोजी गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा, ही त्यातली एक आपण शाळेत शिकतो. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असू द्या, ही मागणीही त्याच यादीत होती. पुढच्या वर्षी वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली झालेल्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियम आणि मर्यादा पाळून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क त्यात होता. कामतांनी सभागृहाला याच ठरावाची आठवण करून दिली. परक्या सरकारकडे जो हक्क मागितला तो आपल्या संविधानात का नको, असा त्यांचा सरळ सवाल होता.

आंबेडकरांनी उत्तर दिले ते २ डिसेंबरला. इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले ते शांतता आणि सुव्यवस्थेसाठी केलेच नव्हते, हे त्यांनी मान्य केले. गुलाम प्रजेने उठाव करू नये, एवढाच इंग्रजांचा हेतू होता. पण मग ज्या परिस्थितीत काँग्रेसने ते ठराव केले, ती परिस्थितीच आता राहिलेली नाही. कोणीही उठून बाजारातून हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असे त्यांनी विचारले. कामत मध्येच म्हणाले की माझ्या दुरुस्तीत नियमनाची तरतूद आहे. त्यावर आंबेडकरांनी जे सांगितले तो या चर्चेचा गाभा आहे. एकदा एखादी गोष्ट मूलभूत हक्क झाली की सरकार तिला अटी घालू शकते, पण हक्कच संपेल अशी अट घालू शकत नाही. अमुक माणूस अमुक वर्गातला आहे म्हणून त्याला हक्क नाही, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. आणि शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, देशावर प्रसंग आला तर शस्त्र धरण्याचे कर्तव्य आपल्याला अधिक महत्त्वाचे वाटते, असेही ते म्हणाले.

या भाषणात त्यांनी ‘गुन्हेगार जमातीं’चे उदाहरण दिले होते आणि ते आज खटकते. माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो इंग्रजी कायदा १९५२ साली गेला. आंबेडकरांसारख्या माणसाच्या तोंडी तो शब्द त्या काळाच्या सवयीने आला असेल. पण त्या समाजातल्या वाचकाला तो टोचला तर त्याला दोष देता येणार नाही.

दुरुस्ती फेटाळली गेली. दोन वकिली मुद्दे, एक मतदान आणि विषय संपला, असे कागदावर दिसते. पण ती चर्चा कोणत्या वर्षी झाली, हे लक्षात घेतले की तिचे वजन कळते.

त्याच वर्षी ३० जानेवारीला गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल इटालियन बनावटीचे बेरेटा होते आणि मारेकऱ्यांनी ते ग्वाल्हेरात मिळवले होते. अकरा मागण्यांना त्या दिवशी बरोबर अठरा वर्षे झाली होती. खुनानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. खुनाशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबे केवळ जातीमुळे जमावाच्या तावडीत सापडली. संविधान सभेत कामत बोलत होते तेव्हा लाल किल्ल्यात खुनाचा खटला चालूच होता.

आणि हैदराबाद. मराठवाड्यातल्या मुसलमानाला १९४८ हे साल टाळून पुढे जाता येत नाही. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांकडे बंदुका होत्या. आपण मुसलमानांचे रक्षण करतो आहोत, असा त्यांचा दावा होता. त्यांनी खेड्यापाड्यांत काय केले हे सर्वांना माहीत आहे आणि ते आपण आडपडदा न ठेवता सांगायला हवे. त्यांच्या गोळ्या फक्त हिंदूंवर चालल्या असेही नाही. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्लाह खान हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री त्यांना गाठून गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांचा हात तोडला गेला. लेखाला लेखाने उत्तर देता येत होते. पण ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांना तेवढा वेळ नव्हता.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. रझाकार संपले आणि मग सूड उगवला तो ज्यांनी कधी बंदुकीला हात लावला नव्हता अशा मुसलमानांवर. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे मंडळ संस्थानात फिरले. त्यांच्या दौऱ्याच्या तारखा पाहा, २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८. दिल्लीत शस्त्राच्या हक्कावर वाद चालला होता त्याच दिवसांत ही माणसे गावोगाव फिरून मेलेल्यांचा अंदाज घेत होती. त्यांच्या अहवालानुसार संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, बिदर आणि गुलबर्गा होते. काही ठिकाणी गणवेशातली माणसेही लुटीत सामील होती, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात पडून राहिला.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद मला पुन्हा पुन्हा आठवते. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यात स्वतःचे जीव गमावले. ज्यांच्यासाठी ते उभे राहिले ते एकाच धंद्यातले, मागावर बसणारे त्यांचे सोबती होते.

कधीकधी आपल्यातला एखादा तरुण म्हणतो, ‘आपल्याकडेही काही असते तर...’ दंगल पाहिलेल्या माणसाच्या मनात हा विचार येणे स्वाभाविक आहे आणि त्याला झिडकारून उपयोग नाही. त्याच्यासमोर हिशोब मांडावा लागतो. समजा, १९४८ साली कामतांचा हक्क लागू असता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावात बंदूक कोणाच्या घरी आली असती? देशमुखाकडे, सावकाराकडे, ज्याच्याकडे पैसा आणि माणसे आहेत त्याच्याकडे. विणकराकडे नाही, मग तो हिंदू असो की मुसलमान. संख्येने कमी आणि खिशाने रिकाम्या माणसासाठी शस्त्राचा खुला बाजार म्हणजे शर्यतीआधीच हरणे. रझाकारांच्या बंदुकांनी तर मुसलमानांचे रक्षण तिळभरही केले नाही, उलट गावातल्या गरीब मुसलमानाच्या नावावर त्या बंदुकांची उधारी चढवून ठेवली.

म्हणून मला आंबेडकर बरोबर वाटतात. पण त्यांच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्या दिवशी बोलला गेला नाही. नागरिकाच्या हातात हत्यार नको, त्याचे रक्षण राज्य करील, हे ठरले. राज्याने रक्षण केले नाही, किंवा त्याचेच शिपाई लुटीत उतरले, तर जबाब कोणी द्यायचा? सुंदरलालांचा अहवाल दाबून ठेवला जातो तेव्हा हा प्रश्नही दाबला जातो. १९९२-९३ च्या मुंबईनंतर श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचे जे झाले ते आपल्या डोळ्यांसमोर झाले. बंदूक मागणाऱ्या त्या तरुणाला मी सांगतो की तुझ्या आजोबांनी बंदूक सोडली ती या जबाबाच्या बदल्यात. मागायचा असेल तर तो जबाब माग, कोर्टात माग, निवडणुकीत माग, वर्तमानपत्रात लिहून माग.

लिटनचा कायदा रद्द करून नवा शस्त्र कायदा १९५९ साली आला. परवाना हा हक्क न राहता सरकारची परवानगी झाली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या. परवानाधारकाला कायदा मोजूनमापून धरतो. ज्यांनी महाराष्ट्रात विचारांचे खून पाडले त्यांनी मात्र परवान्यासाठी अर्ज केला नव्हता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे. पानसरे यांनी शिवरायांच्या पदरी असलेल्या मुसलमान सरदारांबद्दल लिहिले, म्हणून आपल्या घरांतही ते वाचले जातात. दाभोलकरांच्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास अकरा वर्षांनी. गावठी कट्टा कुठे बनतो, कोणत्या रस्त्याने येतो आणि कोण विकतो, हे पोलिसांनी वेळेत शोधणे हाच खरा बंदोबस्त. तो कायद्याच्या पुस्तकात नसतो, ठाण्यात असतो.

कामतांची दुरुस्ती पडली, पण त्यांची राज्यसत्तेबद्दलची शंका गेली नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीत नागरिकांचे हक्क कोर्टात मागण्याची सोय बंद करणारे कलम आले, तेव्हा ते पुन्हा उभे राहिले आणि हा लाजेचा आणि दुःखाचा दिवस आहे असे म्हणाले. त्या वेळीही ते हरले. कलम मंजूर झाले आणि पुढे १९७५ साली वापरलेही गेले.