सहा मात्रांची गिरकी

"ओढू नकोस."

पहिल्या रविवारी हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की परतीच्या लोकलमध्येही ते डोक्यात वाजत होते. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये स्विंग नाचाचा नवशिक्यांसाठी वर्ग सुरू झाला होता. ऑफिसमधल्या एका मित्राने नाव नोंदवलं, म्हणून मीही नोंदवलं. तो दुसऱ्या रविवारी आलाच नाही. मी मात्र डोंबिवलीहून जात राहिलो, कारण एक साधी गिरकी मला जमत नव्हती.

गिरकी खरोखर साधी आहे. सहा मात्रांची. एक-दोनला दोघांनी एकमेकांपासून मागे पाऊल टाकून परत पुढच्या पायावर यायचं. तीन-आणि-चारला एकाने डावा हात वर न्यायचा आणि जोडीदाराने त्याखालून वळत पलीकडे जायचं. पाच-आणि-सहाला दोघांच्या जागा बदललेल्या असतात आणि दोघं पुन्हा समोरासमोर. मेख आहे ती एक-दोनमध्ये. दोघं मागे जातात तेव्हा हातांत एक ताण येतो. त्या ताणावरच जोडीदार पुढे येते, तिला आणावं लागत नाही. वर गेलेला हात फक्त वाट दाखवतो. मी मात्र रहाटाचा दोर ओढावा तसा समोरच्या मुलीचा हात ओढत होतो.

त्यात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो. म्हणजे तासाभरात सात-आठ अनोळखी हात. डोंबिवलीच्या माणसाला अनोळखी अंगांची सवय असते. सकाळच्या ८.१८ला आम्ही एकमेकांच्या खांद्यावर झोपही काढतो. पण हात धरायचा, तोही घट्ट नाही आणि सैलही नाही, हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडे नाच म्हणजे वरात आणि विसर्जन. तिथे प्रत्येक जण आपापला नाचतो. माझे बाबा एरवी चार वाक्यं सलग बोलत नाहीत, पण वरातीत बेंजो सुरू झाला की हात अर्धे दुमडून, खांदे उडवत, छोटी छोटी पावलं टाकत पुढे सरकतात. सगळे ओरडतात, "भगवानदादा!"

घरी आईला गिरकीचं सांगितलं. आई मूळची कुडाळकडची. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुगडी घातलीयस कधी?" मग सोफा सरकवला. पायांचे चवडे जुळवले, हातांची अढी घातली. "आता मागे रेल. ओढू नको, वजन दे." मला वाटलं, ही पडेल. म्हणून मी कोपर वाकवले. ती थांबली. "हात वाकवलास तर पडेन मी. सरळ ठेव." हात सरळ ठेवले आणि हॉल आमच्याभोवती फिरायला लागला. तीन फेऱ्यांनंतर ती धापा टाकत खाली बसली आणि हसत सुटली.

जे शिकायला मी पैसे भरून ठाण्याला जात होतो, ते घरातच होतं. मग ते माझ्यापर्यंत का पोचलं नाही? आणि बाबांच्या अंगात भगवानदादा कुठून आले? या दोन प्रश्नांमागे लागलो तेव्हा कळलं, की स्विंग आपल्याकडे कधीच येऊन गेलंय. फक्त येताना त्याची गिरकी वाटेत राहिली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स अव्हेन्यूवर, १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाली. अमेरिकेत वर्णभेद उघडपणे पाळला जात होता, तेव्हा इथल्या लाकडी फरशीवर काळे-गोरे दोघांनाही प्रवेश होता. याच काळात, याच वस्तीत काळ्या तरुण-तरुणींनी लिंडी हॉप घडवला. हात धरून दूर जायचं, ताणावर परत यायचं, मध्येच हात सोडून आपापलं काही करायचं आणि पुन्हा हात धरायचा. मला न जमणारी गिरकी याच घराण्यातली. या फरशीवर मोठा झालेला एक नर्तक म्हणजे फ्रँकी मॅनिंग, जन्म १९१४. जोडीदाराला पाठीवरून उडवण्याची कसरत त्याने १९३५च्या सुमारास लिंडी हॉपमध्ये आणली.

त्याच १९३५च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचा जम बसला. ताजच्या बॉलरूममध्ये युरोपीय, पारशी, संस्थानिक असे लोक जोडीने नाचत. त्याच शहरात परळ-लालबागच्या चाळींत गिरणी कामगार राहत होते. दोन्हींत अंतर काही मैलांचंच, पण ताजची फरशी त्यांच्यासाठी नव्हती. संगीत भिंतीपलीकडे ऐकू जाऊ शकतं. हात कसा धरायचा, हे भिंतीपलीकडे जात नाही. ते हातातून हातातच जातं.

भिंत ओलांडली ती गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ही मुलं मुंबईला येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ म्हणजे चिक चॉकलेट हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संध्याकाळी हॉटेल आणि दिवसा सिनेमाचा स्टुडिओ असा अनेकांचा दिनक्रम झाला. १९४९चा दारूबंदीचा कायदा आल्यावर हॉटेलांतल्या रात्री मंदावल्या आणि स्टुडिओचं काम आणखी महत्त्वाचं झालं. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि यांनी ती कागदावर उतरवून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांत वाटून द्यायची, अशी ती पद्धत.

चाल गुणगुणणाऱ्यांत होते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. आणि त्यांचे दोस्त होते भगवान आभाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा शौक, मारधाडीच्या स्वस्त सिनेमांचा नट आणि दिग्दर्शक. १९५१ साली दोघांचा 'अलबेला' आला. 'शोला जो भडके' चितळकर आणि लता मंगेशकर यांनी गायलं. चिक आणि त्याचे वादक या सिनेमात पडद्यावरही दिसतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ताजच्या बॉलरूममध्ये आलेला बाज असा चार-आठ आण्यांच्या तिकिटात गिरणगावापर्यंत पोचला.

ते गाणं आता वर्गात जाऊ लागल्यावर मी पुन्हा पाहिलं. भगवानदादा नाच शिकलेले वाटत नाहीत. अंग जड, हालचाल कमी. पण ताल गुडघ्यात आणि खांद्यात मुरलेला. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची ती ओळखीची स्टेप एकट्याने करता येते. फरशी लागत नाही, जोडीदार लागत नाही, शिकवणी लागत नाही. रस्त्यावर दोन फूट जागा मिळाली की पुरे. १९५१च्या चाळीत परक्या बाईचा हात धरून नाचणं शक्य नव्हतं, पण ही स्टेप शक्य होती. म्हणून ती गणपतीच्या मिरवणुकीत शिरली, वरातीत शिरली आणि गिरण्या बंद पडून माणसं डोंबिवली-कल्याणला राहायला आली तेव्हा त्यांच्याबरोबर इकडेही आली. माझ्या बाबांनी ती सिनेमा पाहून उचललेली नाही. त्यांनी ती त्यांच्या काकाची पाहिली होती.

भगवानदादांचा जन्म १९१३चा. म्हणजे फ्रँकी मॅनिंग त्यांच्याहून एका वर्षाने लहान. दोघांचं नशीब बराच काळ सारखं चाललं. सॅव्हॉय १९५८मध्ये बंद पडली. त्याआधीच नाचाची मागणी ओसरली होती आणि मॅनिंगने पोस्टात नोकरी धरली होती. ती त्याने तीसेक वर्षं केली. इकडे 'अलबेला'नंतरचे सिनेमे पडले, भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या आणि ते दादरच्या चाळीत राहू लागले. पुढची अनेक वर्षं छोट्या भूमिका करत राहिले, कित्येकदा फक्त ती एक स्टेप करण्यासाठी.

वाटा फुटल्या त्या १९८६च्या सुमारास. काही तरुण नर्तक मॅनिंगला शोधत गेले आणि म्हणाले, आम्हाला शिकवा. त्याने आधी नकार दिला, मग शिकवलं आणि २००९ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत जगभर शिकवत राहिला. माझ्या वर्गातली गिरकी अशाच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येत ठाण्यापर्यंत आली आहे. भगवानदादा २००२ साली गेले. त्यांची नक्कल लाखो लोकांनी केली, पण ती ज्याने-त्याने लांबून पाहून उचललेली.

आणि फुगडी? तिला ना कुणी विसरलं, ना नव्याने शोधलं. मंगळागौर, नागपंचमी, गौरी-गणपती या दिवसांत बायकांनी ती एकमेकींच्या हातांत जपली. बसफुगडी, एका हाताची फुगडी, तिघी-चौघींची फुगडी असे तिचे प्रकार आहेत. एकनाथांनी तिच्यावर भारूड रचलं. वारीच्या वाटेवर तर पुरुषही ती घालतात. पण घरात मात्र ती बायकांची. पुरुष हॉलमध्ये पत्ते खेळत बसणार आणि फुगडी आतल्या खोलीत. ताजची भिंत आम्हाला दिसते, कारण ती दगडी आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घरातली भिंत मला अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दिसली नव्हती.

वर्गाच्या सहाव्या रविवारी आमच्या भूमिका बदलल्या. गिरकी मी घ्यायची आणि हात समोरच्या मुलीने वर न्यायचा. एक-दोनला आम्ही मागे गेलो. मी कोपर वाकवले नाहीत. हातांत ताण आला, तिचा हात वर गेला आणि मी त्याखालून पलीकडे पोचलो. तिने मला ओढलं नव्हतं. पाच-आणि-सहाला मी थोडा उशिराच पोचलो, पण पोचलो.

यंदा गौरीच्या रात्री आमच्याकडे मावश्या जमल्या होत्या. आईने सोफा आधीच भिंतीला लावून ठेवला होता. मी एका मावशीबरोबर फुगडी घातली, त्यावर भरपूर हसून झालं. मग कुणीतरी फोनवर 'शोला जो भडके' लावलं आणि बाबा नेहमीसारखे खांदे उडवत मध्ये आले. आईने त्यांच्यासमोर चवडे जुळवले आणि दोन्ही हात पुढे केले. तीस वर्षांच्या संसारात त्यांना चारचौघांत एकमेकांचे हात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. बाबांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग हात धरले. कोपर वाकलेले.

"बाबा, ओढू नका," मी म्हणालो. "वजन द्या."