पांढरा की हिरवा? ऑपरेशन थिएटरच्या भिंतींची गोष्ट

खोलीला कुठला रंग द्यायचा, यावरून घराघरांत वाद होतात. आज आपण ज्या खोलीबद्दल बोलणार आहोत तिथे मात्र रंग चुकला, तर प्रश्न नुसता दिसण्याचा नसतो. ती खोली म्हणजे ऑपरेशन थिएटर.

आधी पांढऱ्याची बाजू ऐकू. एकोणिसाव्या शतकात बरेच सर्जन काळ्या, रक्ताचे डाग पडलेल्या कोटातच ऑपरेशन करायचे. पेशंट ऑपरेशनमधून वाचायचा, पण जखम सडून दगावायचा. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक अ‍ॅसिडनं जखमा जंतूमुक्त ठेवायची पद्धत मांडली. हळूहळू स्वच्छता हाच नियम झाला, आणि भिंती, चादरी, कोट सगळं पांढरंशुभ्र झालं. कारण साधं होतं. पांढऱ्यावर घाण लपत नाही.

पण मग वेगळीच अडचण आली. विजेचे प्रखर दिवे आणि चहूकडे पांढरं! त्या झगमगाटातून सर्जनची नजर जखमेत वळली की आतलं नीट दिसेना. डोळे दिपायचे, थकायचे.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमधले सर्जन हॅरी शर्मन यांनी यावर उपाय शोधला. रक्त लाल, मग लालच्या विरुद्ध रंग कुठला? हिरवा! त्यांनी थिएटरची फरशी आणि भिंतींचा खालचा भाग चक्क पालकाच्या भाजीसारखा हिरवा केला, आणि १९१४ मध्ये त्याबद्दल लेखही लिहिला.

हे तुम्ही स्वतः करून बघा. मोबाईलवर लालभडक चौकोन उघडा, अर्धा मिनिट एकटक बघा, मग पांढऱ्या कागदाकडे नजर वळवा. तिथे हिरवट-निळसर ठिपका तरंगताना दिसेल. सतत लाल बघून डोळ्यांतल्या लाल टिपणाऱ्या पेशी मंदावतात, म्हणून असं होतं. पांढऱ्या चादरीवर हाच ठिपका सर्जनला त्रास देतो, हिरव्यावर तो मिसळून जातो. शिवाय हिरव्याकडे बघून नजर परतली की लालच्या छटा पुन्हा स्पष्ट दिसतात.

पुढे कपडे आणि चादरीही हिरव्या-निळ्या झाल्या. मग पांढरा हरला का? नाही. खोली स्वच्छ आहे का, हे पांढरा सांगत होता. डॉक्टरला दिसतंय का, हा प्रश्न हिरव्यानं सोडवला. तेव्हा घरी रंगाचं शेडकार्ड हातात घ्याल, तेव्हा कुठला रंग छान दिसतो हे नंतर बघा. या खोलीत आपण काम काय करणार, हे आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात!