मोहावेच्या वाळवंटातली हौशी मंडळी

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण शिक्षकांच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या आठवणी लिहिणार, हे उघड आहे. मी संगणकवाली, त्यातून आठवणी लिहिण्यात कच्ची. म्हणून इतिहासाचा एक तास घेते. हा इतिहास आपल्या पुस्तकात नव्हता, कारण तो तेव्हा घडायचाच होता. आपली १९९६ ची दहावीची बॅच नोकऱ्या-संसारात नुकती स्थिरावत होती, त्या २००४-०५ सालची ही गोष्ट. तिच्यात एक शाळाही आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा ही संशोधन संस्था. इंटरनेटचं बीज तिच्याच पैशातून रुजलं. २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरच्या लढाऊ वाहनांपैकी एक तृतीयांश वाहनं चालकाविना चालावीत, असं उद्दिष्ट अमेरिकी संसदेने घालून दिलं होतं. नेहमीच्या कंत्राटांच्या वाटेने ते गाठलं जाईल असं दिसेना, तेव्हा डार्पाने सरळ शर्यत लावली. मोहावेच्या वाळवंटातून सुमारे १४२ मैल, कॅलिफोर्नियातल्या बारस्टोपासून नेव्हाडातल्या प्रिमपर्यंत. गाडीत माणूस नाही, दुरून रिमोटही नाही. वाट गाडीनेच शोधायची, दगड गाडीनेच चुकवायचे. बक्षीस दहा लाख डॉलर.

१३ मार्च २००४ ला सकाळी पंधरा गाड्यांपैकी दोघांनी सुरुवातीआधीच माघार घेतली. उरलेल्या तेरांची हकिगत वाचताना हसू आवरत नाही. एकीचे ब्रेक जागीच जाम झाले. एक सुरुवातीच्या आवारातच उलट्या दिशेने गोल फिरली. एक पहिल्याच काटकोनी वळणावर उलटली. एक तारेत गुरफटली. एक कुंपण तोडून बाहेर गेली आणि तिला परत आत येता येईना. ट्रकएवढं एक धूड तर झुडपं दिसली की मागे सरायचं, आणि सव्वा मैलाच्या अलीकडेच थांबलं. सगळ्यांत लांब गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’. तीही साडेसात मैलांच्या आतच एका वळणावर मातीच्या बांधावर अडकून पडली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

या तेरांत लॉस एंजेलिसजवळच्या पालोस व्हर्डेस हायस्कूलची गाडी होती. होय, हायस्कूल! त्यांची अक्युरा सुरुवातीच्या आवारातच भिंतीवर आदळली. पण निकालाच्या तक्त्यात पाहा, मोठ्या विद्यापीठांच्या गाड्याही त्याच आवारात अडकल्या आहेत. आपल्या वेळी प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली मिळवायची तरी मुख्याध्यापकांची परवानगी लागे. त्या मुलांच्या हाती कुणीतरी अख्खी गाडी दिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसरी शर्यत ८ ऑक्टोबर २००५ ला, सुमारे १३२ मैलांची, बक्षीस दुप्पट. १९५ संघांनी अर्ज केले, त्यातले २३ अंतिम फेरीत पोचले. हा इतिहास सांगताना सगळे जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या ‘स्टॅनली’चं नाव घेतात. ती गाडी गुणी होतीच, वाद नाही. पण माझं मन रमतं ते चौथ्या क्रमांकावर.

तो संघ होता न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरातल्या, मेटेरीच्या ग्रे इन्शुरन्स कंपनीचा. विमा कंपनी! २००४ च्या फजितीबद्दल मासिकात वाचून मालकांपैकी एका भावाला वाटलं, आपणही करून पाहू. कंपनीचा संगणक विभाग, म्हणजे एरवी पॉलिसी आणि दाव्यांचे हिशेब सांभाळणारी मंडळी, कामाला लागली. मदतीला टुलेन विद्यापीठाचे विद्यार्थी घेतले. गाडी साधी फोर्ड एस्केप हायब्रिड. स्टीअरिंग आणि पेडल संगणकाच्या ताब्यात देण्यासाठी त्यांनी अपंग चालकांसाठी तयार मिळणारी यंत्रणाच बसवली. याला मी खरी इंजिनिअरिंगची अक्कल म्हणते: जे बाजारात मिळतं ते घ्या, आणि डोकं जिथे खर्चायचं तिथे खर्चा.

प्रणाली लिहिली जावा भाषेत. मी रोज जावातच काम करते, त्यामुळे हे वाचून माझी कॉलर जरा ताठ झाली होती. चालत्या गाडीसाठी जावा म्हणजे वेडेपणा, असं म्हणणारे पुष्कळ होते.

आणि मग २९ ऑगस्टला कतरिना आली. शहर पाण्याखाली गेलं, संघातल्या काहींची घरं गेली. पात्रता फेरी सप्टेंबरअखेर, म्हणजे हातात जेमतेम महिना. या लोकांनी गाडीचं नाव ठेवलं ‘कॅट-५’, पाचव्या श्रेणीच्या चक्रीवादळावरून, आणि ती घेऊन कॅलिफोर्निया गाठलं. अंगावर आलेल्या वादळाचंच नाव गाडीला देणारी माणसं मला तरी आपल्यातली वाटतात.

शर्यतीच्या दिवशी पहाटे, सुटण्याच्या दोन तास आधी, प्रत्येक संघाला मार्गाची फाइल मिळाली: २,९३५ बिंदू, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश, वाटेची रुंदी आणि वेगमर्यादा. त्यानंतर गाडी सुटली की हात जोडून बसायचं. कॅट-५ ने साडेसात तासांत शर्यत पुरी केली, स्टॅनलीच्या मागे सुमारे छत्तीस मिनिटं. मध्ये कार्नेगी मेलनच्या दोन गाड्या, बाकी कुणी नाही.

त्याच दिवशी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पदवीच्या मुलांची गाडी दहाएक मैलांवर थांबली. तिचं कारण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं. अडथळा दिसला की संगणक त्याची नोंद करायचा आणि तो मागे पडला की नोंद काढून टाकायचा. निदान मुलांना तसं वाटत होतं. प्रत्यक्षात प्रणालीचा दुसरा एक भाग त्या नोंदींचं बोट सोडत नव्हता, म्हणून त्या स्मरणातून जात नव्हत्या. पाहुणे गेले तरी त्यांची अंथरुणं घातलेलीच, तसं. प्रत्येक झुडुप, प्रत्येक धोंडा साठत गेला आणि शेवटी संगणक गुदमरला. दोष सापडला तो शर्यतीनंतर, आणि दुरुस्ती होती एका ओळीची. एरवी त्यांच्याकडे अडथळे पाहायला फक्त एक जोडकॅमेरा होता, इतरांसारखे महागडे लेझर नव्हते. त्या एका ओळीची हळहळ मला स्वतःच्या कोडपेक्षा जास्त लागते.

एक गोष्ट मात्र खटकते, तीही लिहिते. हे सगळं लष्करासाठी होतं. २००५ ला जवळपास दोनशे संघांनी खिशातले पैसे आणि रात्री घातल्या, आणि बक्षिसापोटी सरकारने दिले वीस लाख डॉलर, एकालाच. हौशी माणसाचा उत्साह हा जगातला सर्वांत स्वस्त कच्चा माल आहे आणि डार्पाने तो हुशारीने उचलला. त्या शाळकरी मुलांना युद्धाच्या गाड्यांत रस असेल असं मला वाटत नाही. त्यांना गाडी एकटी चालताना पाहायची होती.

हौशींपैकी हॉल बंधूंचं नाव राहिलं. डेव्ह आणि ब्रूस हे दोघे खोल आवाजाचे स्पीकर बनवायचे. कंपनीचं नाव वेलोडाइन. फावल्या वेळात टीव्हीवरच्या कार्यक्रमांत लढणारे यंत्रमानव घेऊन जायचे. २००४ ला त्यांची टोयोटा कॅमेऱ्यांच्या भरवशावर सहा मैल गेली. त्यांना कळलं की कॅमेऱ्यांनी भागणार नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी टपावर चौसष्ट लेझर किरणांचं गरगर फिरणारं यंत्र बसवलं, चहूबाजूंनी एकदम पाहणारं. यंत्र चाललं, पण स्टीअरिंगच्या एका सर्किट बोर्डाने दगा दिला आणि गाडी शर्यतीबाहेर गेली.

नोव्हेंबर २००७ मध्ये डार्पाने तिसरी स्पर्धा घेतली, या वेळी शहरी रस्त्यांसारख्या आखलेल्या मार्गावर. सहा गाड्यांनी ती पुरी केली. त्यातल्या पाचांच्या टपावर हॉल बंधूंचं यंत्र फिरत होतं. ते स्वतः त्या वर्षी उतरले नव्हते. आता ते यंत्र विकत होते.