दगडाची धूळ आणि कठीण त्वचा

‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. या दोन ग्रीक शब्दांवरून स्क्लेरोडर्मा या रोगाचे नाव पडले. सुरुवातीला थंड पाण्यात बोटे पांढरी-निळी पडतात. पुढे त्वचा ताठरते. फुप्फुसे आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

१९१४ साली एडिंबरा येथील डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांना आपल्या नऊ रुग्णांपैकी पाच जण पाथरवट असल्याचे दिसले. गार छिन्नी सतत धरल्याने असे होत असावे, असा त्यांनी तर्क केला. निरीक्षण बरोबर होते. कारण मात्र वेगळे निघाले. १९५७ साली इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत हाच रोग नोंदवला. त्या खोल खाणींत थंडी नव्हे, उकाडा असतो. मग दोन्हीकडे समान काय? दगडाची धूळ, म्हणजे सिलिका! तिचे कण फुप्फुसातील भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत; त्यातून रोगप्रतिकार यंत्रणा चाळवते.

अर्थात बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असतात आणि अनेकांचा धुळीशी संबंध नसतो. तरीही विक्रोळीसारख्या कामगार उपनगरात हा इतिहास मोलाचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली; त्या यादीत स्क्लेरोडर्मा नव्हता. म्हणजे फरशी कापणाऱ्या किंवा ओतशाळेत वाळू हाताळणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी “काम काय करता?” असे विचारले नाही, तर हा संबंध कागदावर येतच नाही. ब्रॅमवेल यांनी तो प्रश्न विचारला होता.