रस्ट भाषेतील उसनवारीचे नियम

* रस्ट भाषेत (पहिली स्थिर आवृत्ती, मे २०१५) प्रत्येक मूल्याचा मालक एकच असतो. इतरांस ते संदर्भाच्या द्वारे केवळ उसने मिळते, आणि एका वेळी एक तर वाचणारे संदर्भ कितीही, नाही तर फेरफार करणारा एकच, ही सक्त ताकीद कंपायलर प्रोग्राम चालण्यापूर्वीच अमलात आणतो. व्हेक्टरमधील पहिल्या घटकाचा संदर्भ पुढे वाचावयाचा असता मध्येच ‘पुश’ने नवा घटक घातला, तर जागा अपुरी पडून सर्व घटक स्मृतीत अन्यत्र हलण्याचा व जुना संदर्भ मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवीत राहण्याचा संभव असतो, सी प्लस प्लसचा कंपायलर हा प्रमाद बहुधा बिनबोभाट खपवून घेतो, येथे मात्र ई०५०२ ही त्रुटी देऊन प्रोग्राम नामंजूर होतो. २०१८च्या आवृत्तीपासून उसनवारीची मुदत महिरपी कंसाच्या अखेरीस नव्हे, तर संदर्भाच्या शेवटच्या उपयोगापाशीच संपते, ही सुधारणा आम्हांस विशेष मोलाची वाटते. तत्पूर्वी सर्वस्वी निर्दोष प्रोग्रामही नाहक अडत. — संपादक