उंच दुचाकी ठेंगणी कशी झाली

इंग्लंडांत १८७० च्या सुमारास प्रचारांत आलेल्या उंच दुचाकीचें चित्र पाहिलें म्हणजे आज हंसूं येतें. पुढें छातीएवढें चाक, मागें त्याचें जणूं पिल्लूं, आणि थोरल्या चाकाच्या माथ्यावर स्वार! परंतु ती उंची डौलासाठीं नव्हती, हिशेबासाठीं होती. पायडलें पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलीं असत. त्यामुळें पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचाहि एकच फेरा. ५२ इंच व्यासाचें चाक एका फेऱ्यांत सुमारें साडेतेरा फूट जाई, तर ३६ इंचांचें अवघें साडेनऊ. म्हणून ज्याला वेग हवा त्यानें आपली टांग पोंचेल तेवढें मोठें चाक घ्यावें, असा रिवाज पडला.

वेगाची ही किंमत मात्र जबर होती. बैठक आंसाच्या जवळजवळ वरच असल्यामुळें चाक एखाद्या दगडाला अडलें, कीं स्वार मुठींवरून डोक्यावर आपटे. पाय मुठींच्या दांड्याखालीं अडकल्यानें त्याला उडी टाकण्याचीहि सोय नसे. कित्येकांचे हातपाय मोडले, कांहीं प्राणांस मुकले. स्त्रिया, वृद्ध व आंखूड पायांची माणसें यांना हें वाहन जवळजवळ वर्ज्यच होतें. त्यांनीं तिचाकीवर समाधान मानावें. खुद्द व्हिक्टोरिया राणीनें १८८१ मध्यें तिचाकीच मागविली होती!

मग चाक लहान कां करूं नये? नुसतें लहान केलें तर वेग गेला. ही अडचण सांखळीनें सोडविली. हिलमन, हर्बर्ट व कूपर यांनीं १८८४ मध्यें ‘कांगारू’ नांवाची दुचाकी काढली. तिचें पुढचें चाक ३६ इंची. पण पायडलांपाशीं मोठें दांतेरी चक्र व आंसापाशीं लहान, अशी योजना असल्यानें पायांच्या एका फेऱ्यांत चाकाचे दीड फेरे होत. म्हणजे बसावयास ठेंगणी, पण चाल ५४ इंची चाकाची. तरीहि वळणें व ओढणें हीं दोन्हीं कामें पुढच्याच चाकाकडे राहिलीं. १८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ काढून सांखळी मागच्या चाकाला नेली, आणि स्वार दोन चाकांच्या मध्यें सुखरूप बसला. मौज अशी, कीं उंच ‘एरियल’ हिलमनच्या जोडीनें १८७० मध्यें काढणारा जेम्स स्टार्ली हा याचाच चुलता. चुलत्यानें वर चढविलेला स्वार पुतण्यानें खालीं उतरविला!

उंचावरच्या तरुणांनीं या ठेंगण्या यंत्राची प्रथम टवाळी केली. तिला थोडा आधारहि होता: लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल उतरतें, आणि भरीव रबराची धांव तो हिसका थेट हाडांपर्यंत पोंचविते. हें दुखणें बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ मध्यें दूर केलें. मुलाच्या तिचाकीसाठीं त्यानें हवेनें फुगविलेली पोकळ धांव केली. पुढल्याच वर्षीं ती लावलेल्या दुचाकीनें तेथील शर्यती जिंकल्या, व थोड्याच वर्षांत उंच दुचाकी बाजारांतून नाहींशी झाली.

१९६२ मध्यें अलेक्स मोल्टन यानें १६ इंची चाकांची सायकल विकावयास काढली, तेव्हां त्यालाहि पायडलांपाशीं मोठें दांतेरी चक्र बसवावें लागलें, आणि हिसके सोसण्यासाठीं दोन्हीं चाकांना रबराचे झेले द्यावे लागले.